पोरं का टिकत नाहीत : बेळगावच्या कारखानदारांना खुलं पत्र

उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा, काकती इथल्या फौंड्री आणि मशीन शॉपच्या मालकांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका लग्नात तुमच्यापैकी एक जण पंगतीत माझ्या शेजारी बसले होते. चांगले ओळखीचे, तीस वर्षांचा संबंध. पहिला भात संपायच्या आत त्यांनी विषय काढला. "सर, तुमची आयटीआयची पोरं जातात कुठं? गेटवर बोर्ड लावून सहा महिने झाले, माणूस मिळेना. एखादा आला तर आठ दिवसांत पळतो. शेवटी ओडिशाची माणसं आणली." मग नेहमीचं पुढचं वाक्य आलंच : हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत, मोबाइल पाहिजे. लग्नघरी वाद घालायचा नसतो म्हणून मी ताटाकडे बघत राहिलो. पण घरी आल्यावर ते गप्प बसणं मला टोचत राहिलं. तेव्हा बोललो नाही ते आता तुम्हा सगळ्यांनाच लिहितो.

मी सव्वीस वर्षं आयटीआयत टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचं काम, शिकवला. त्याआधी उद्यमबागेत लेथवर उभा राहिलो. येळ्ळूर, धामणे, किणये, बेळगुंदी, उचगाव, कडोली, खाली खानापूर तालुक्यातली जंगलाकडची गावं, इथली मुलं माझ्या हाताखालून गेली. आज त्यांतली काही चाळिशीत आहेत, काहींना नुकती मिसरूड फुटली आहे. ती मला फोन करतात, नोकरी सोडताना विचारतात, सोडल्यावर सांगतात. त्यामुळे पुढं जे लिहितोय ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

आधी कष्टाचं बोलू. हिवाळ्यात पहाटे साडेचारला आमच्या गावच्या रस्त्यावर या. अंधारात पंधरा-वीस पोरं धावत असतात. सोळाशे मीटरला घड्याळ लावून एक जण उभा असतो. ही पोरं धावून आल्यावर धारा काढतात, डेअरीला दूध घालतात आणि मग कॉलेजला किंवा कामाला जातात. रताळ्याच्या हंगामात हीच पोरं दिवसभर वाकून वेल काढतात. यांना कष्ट नकोत असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ती धावतात कशासाठी, हे तुम्हाला ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात. १७६८ पासूनची जंगी पलटण, आणि आपल्याकडं घरटी एखादा फोटो वर्दीतला. आजोबा हवालदार, काका सुभेदार, पेन्शनवर घर बांधलं, पोरीची लग्नं केली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. जून २०२२ मध्ये लष्करभरतीची अग्निपथ योजना आली आणि ते गणित बदललं. आता चार वर्षं, त्यानंतर शंभरातले पंचवीस राहणार. पोरं अजूनही धावतात, पण आता बाप विचारतो, चार वर्षांनी काय? बावीस-तेविसाव्या वर्षी परत आलेल्या पोराला गावात कुणी काय म्हणून बघायचं, याचं उत्तर अजून कुणाजवळ नाही.

दुसरा दरवाजा सरकारी नोकरीचा. कर्नाटकात तलाठी भरतीपासून राज्य लोकसेवा आयोगाच्या (केपीएससी) परीक्षांपर्यंत कन्नडचा सक्तीचा पेपर पास व्हावा लागतो. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा बाजारात, बसमध्ये कन्नड बोलतो, पण पेपर लिहायचा म्हटला की त्याचा हात थांबतो. काही पोरं नेटानं शिकतात, पास होतात, त्यांचं मला फार कौतुक आहे. त्या भाषेचा रागराग करून आपल्या पोरांचं पोट भरणार नाही, असं मी शिकवतानाही म्हणायचो आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत. तिकडं महाराष्ट्रानं १० जुलै २००८ च्या निर्णयानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना नोकरभरतीची वाट मोकळी केली. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मिळवायचा, कोल्हापूर किंवा पुण्याला खोली घ्यायची, आणि लाखो मुलांच्या रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत तिशी ओलांडलेली माझी चार मुलं अजून आहेत. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तो तिथंच आहे. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. निकाल लागेल आणि मग नोकरीचं बघू, असं त्या वेळी आमच्यातल्या पुष्कळांनी मनाशी धरलं होतं. आजची पोरं तसं धरून बसत नाहीत. हुतात्म्यांना हात जोडतात, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत काळा शर्ट घालून येतात आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात.

आता तुम्हीच विचार करा. लष्कर आखडलं, सरकारी दरवाजा अर्धा मिटलेला. मग तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं, सायकलीच्या अंतरावर असलेल्या तुमच्या कारखान्यांकडं या पोरांची रीघ लागायला हवी होती. भाषेची अडचण जिथं सगळ्यांत कमी, अशी जागा ही. शॉपमध्ये मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही एका वाक्यात चालतात. तरी रीघ लागते ती रात्री नऊच्या चाकण-भोसरीच्या गाड्यांना. असं का होतं?

पगार हे एक कारण आहे, पण तुम्ही समजता तेवढं मोठं नाही. माझ्या एका मुलानं माझ्यासमोर मोबाइलवर हिशेब मांडला. तिकडं बावीस हजार. खोली आणि मेस आठ. महिन्यातून एकदा गावी यायचा खर्च, कपडालत्ता, आजारपण. उरतात ते इथल्या पंधरा हजारांत घरी राहून उरतात तेवढेच. त्याला हे पाठ होतं. एका खोलीत सहा जण राहायचं, संडासासाठी नंबर लावायचा, हेही त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, मग जातोस कशाला? तो म्हणाला, "सर, इथं दोन वर्षं झाली. अजून ऑफसेटला हात लावू देत नाहीत. जॉब लावायचा, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा, परत बटण. घरात बाबानं विचारलं काय शिकलास, तर मी काय सांगू?"

हे हिरवं बटण मला तुमच्यासमोर नीट ठेवायचं आहे. तुमच्यापैकी जे ऑफिसात बसतात त्यांना ते रोज दिसत नसेल. मुलगा सकाळी आठला सीएनसीसमोर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रासमोर, उभा राहतो. चकमध्ये कास्टिंग बसवतो, दार ओढतो, बटण दाबतो. सायकल दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. तेवढ्या वेळात आधीचा जॉब हवेनं साफ करायचा, गेज लावून बघायचं, ट्रेमध्ये ठेवायचा. शिफ्टला दीडशेवर जॉब. इन्सर्ट, म्हणजे कापणारी धार, झिजली, माप दोन शतांशांनी सरकलं, तर त्यानं हात वर करायचा. सेटर, म्हणजे यंत्र जुळवून देणारा, येणार, अंगानं स्क्रीन झाकून ऑफसेटचे, म्हणजे माप दुरुस्त करायचे, चार आकडे टाकणार आणि निघून जाणार. प्रोग्रॅमला पासवर्ड. मुलानं दोन वर्षं आयटीआयत माझ्याकडं कोन शिकलेले असतात, आटे काढलेले असतात, मायक्रोमीटर डोळे मिटून हातात धरता येतो. त्या सगळ्याला इथं काम नाही. सहा महिन्यांत तो ते विसरायला लागतो, आणि आपण विसरतोय हे त्याला कळत असतं.

मी १९८६ च्या पावसाळ्यात उद्यमबागेत लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्याकडून तीन टूल जळले. एचएसएसचा, म्हणजे हायस्पीड स्टीलचा, तुकडा ग्राइंडरवर धरायचा, ठिणगी बघायची, निळा पडायच्या आत पाण्यात बुडवायचा. मला ते जमेना. आमचे मालक धोतर नेसायचे, बोलणं करडं. त्यांनी माझ्या मागे उभं राहून माझ्या दोन्ही मनगटांना धरलं आणि माझ्याच हातांनी टूल घासून दाखवला. असं चार दिवस. पाचव्या दिवशी म्हणाले, आता एकटा घास, जळला तर जळू दे. पगार तीनशे होता. शेजारच्या कारखान्यात साडेतीनशे मिळत होते, पण माझ्या मनात कधी आलं नाही. आज चाळीस वर्षांनी ते मनगटावरचे हात आठवतात.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण तुम्ही ते मला तोंडावर दिलेलं आहे. शिकवलं की पोरगा दोन हजार जास्त मिळतात म्हणून शेजारी जातो, मग शिकवायचं कशाला? यात खोटं काही नाही. काही जातात. पण न शिकवल्यानंही जातातच की. मच्छेत एक मशीन शॉप आहे, मोठं नाही, पंधरा-सोळा यंत्रं. तिथं शनिवारी शेवटचा तास यंत्रं बंद ठेवतात आणि जुना सेटर नव्यांना प्रोग्रॅम वाचायला बसवतो. माझी पाच मुलं तिथं आहेत, त्यांतला एक बारा वर्षांपासून. त्याला पुण्याहून दोनदा बोलावणं आलं. गेला नाही. कारण विचारलं तर म्हणतो, "आता व्हीएमसी माझ्या नावावर आहे." व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंगचं यंत्र. त्या यंत्रावर त्यानं स्वतः छोटीशी पाटी लावली आहे, दसऱ्याला हार तोच घालतो.

आजचा विशीतला मुलगा नोकरीकडं बघताना पहिल्या पगाराच्या पलीकडं बघतो, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. आम्ही काम मिळालं यातच खूश असायचो. तो विचारतो, तीन वर्षांनी मी कोण असेन? ऑपरेटरच, की सेटर, की क्वालिटीला, की स्वतःचं एक यंत्र घेऊन जॉबवर्क करणारा? याचं उत्तर पुण्यातली कंपनी देतेच असंही नाही. पण तिथं एक कारखाना नाही आवडला तर रस्त्यापलीकडं दुसरा असतो, आणि दोन-तीन बदलून तो आपलं उत्तर स्वतः तयार करतो. इथं त्याला वाटतं की एकदा फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, लागलो की जन्म फेटलिंगमध्ये.

फौंड्रीचं तर वेगळं लिहायलाच हवं. बेळगावचं ओतकाम देशभरातल्या पंपांत, व्हॉल्व्हमध्ये, मोटारींत जातं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मे महिन्यात भट्टीसमोर उभं राहून बघा. वाळूची धूळ, शेलकोअरच्या रेझिनचा डोळे झोंबणारा वास, ग्राइंडरचा आवाज. मास्क देतो म्हणता. तो कापडी मास्क तासाभरात घामानं भिजतो आणि पोरगं गळ्यात ओढतं. चांगला मास्क, धूळ ओढणारा पंखा, अंघोळीला गरम पाणी आणि साबण, यांचा खर्च एका नव्या यंत्राच्या हप्त्याएवढाही नाही. संध्याकाळी काळ्या नखांनी घरी जायला पोरं लाजतात, आणि त्या लाजेमागे एक कारण आहे ते तुम्ही हसण्यावारी नेऊ नका.

ते कारण लग्नाचं. आमच्या गावात स्थळ बघायला पाहुणे आले की दुसरा प्रश्न, मुलगा काय करतो. "पुण्याला कंपनीत असतो" म्हटलं की चहा येतो, पुढची बोलणी होतात. तिथं तो बटणच दाबत असेल, कुणी विचारत नाही. "उद्यमबागेत जातो" म्हटलं की पाहुणे एकमेकांकडं बघतात. शेती करणाऱ्याचं तर त्याहून कठीण, आणि त्यात हलगा-मच्छे बायपाससारख्या कामात पिकाऊ रान गेलेल्या घरांना दाखवायला सात-बारासुद्धा उरला नाही. मी एकदा एका मुलाच्या बाजूनं बोललो, त्याचं काम किती बारकाईचं आहे ते सांगितलं. मुलीचे वडील सज्जन होते. त्यांनी एवढंच विचारलं, "नेमणूकपत्र आहे काय?" नव्हतं. पाच वर्षं एकाच कारखान्यात, पण ठेकेदाराच्या नावावर, दर अकरा महिन्यांनी नाव बदललेलं. हातात दाखवायला गेटपासचा एक मळका तुकडा. ते स्थळ मोडलं. तो मुलगा महिनाभरात गोव्याला वेर्ण्याच्या एका कंपनीत गेला. चोर्ल्याच्या घाटातून मोटरसायकलनं दर पंधरा दिवसांनी येतो, पावसाळ्यात त्याची आई रात्रभर जागी असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. कायदा म्हणून द्याल ते द्यालच, पण मी हात जोडून सांगतो, पहिल्या दिवशी द्या, तो वाचू शकेल अशा भाषेत द्या, आणि त्यात त्याच्या कामाचं नाव लिहा. हेल्पर असेल तर हेल्पर, आणि कधी आणि काय शिकल्यावर ऑपरेटर होणार तेही. जादा तासांचे दुप्पट पैसे हा त्याचा हक्क आहे. तो मागायला आल्यावर सुपरवायझरनं "तुला पाठवून दुसरा आणू काय" म्हणणं बंद करा. शहरात जेवणाचे डबे पोचवणारी पोरं बघता ना, त्यांतले दोघे माझे आहेत, फिटर आणि टर्नर. ऊन, पाऊस, ट्रॅफिक, विमा धड नाही. तरी ते म्हणतात, सर, इथं दिवसाचा पैसा दिवसा कळतो आणि आईवरून शिवी कुणी देत नाही. हे ऐकून मला झोप आली नव्हती.

मुलींचं मी शेवटी लिहितोय, खरं तर आधी लिहायला हवं होतं. माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात एकच मुलगी होती, खानापूरकडच्या एका खेड्यातली. जून २०२३ मध्ये कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना बस मोफत झाली म्हणून ती रोज येऊ शकली, नाहीतर पासाच्या पैशापायी घरीच राहिली असती. व्हर्नियरचं वाचन वर्गात तिच्याइतकं कुणाचं बिनचूक नसायचं. कलत्या उजेडात खिडकीपाशी जाऊन, एक डोळा बारीक करून ती रेषा जुळवायची आणि आकडा सांगायची, मी तपासायचो ते नुसतं सवयीनं. मी तिला तीन ठिकाणी घेऊन गेलो. तिन्हीकडं आदरानं चहा दिला. तिन्हीकडं उत्तर एकच, मुलींसाठी सोय नाही. सोय म्हणजे काय, तर कडी असलेला एक संडास. आज ती शहापुरात एका साडीच्या दुकानात घड्या घालते. कर्नाटकानं २०२३ मध्ये कारखाना कायद्यात बदल करून अटींसह बायकांना रात्रपाळीचीही मोकळीक दिली, आणि आपल्याकडं दिवसपाळीचा संडास नाही. माणूस मिळत नाही म्हणून तुम्ही दीड हजार किलोमीटरवरून माणसं आणता आणि तीस किलोमीटरवरून बसनं येणारी माझी विद्यार्थिनी साडीच्या घड्या घालते, हे मला सहन होत नाही.

ओडिशा-बिहारची जी मुलं येतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही. तीही कुणाच्या तरी गावातून अशाच रात्रीच्या गाडीनं निघालेली असतात. त्यांनाही ठेकेदार आणि तोच मळका गेटपास.

तुमच्याही अडचणी मी जाणतो. विजेचं बिल, भंगाराचा भाव, मोठ्या कंपन्या दर वर्षी दर पाडून मागतात आणि लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची मुदत असूनही तीन-तीन महिने पैसे अडकवून ठेवतात. तुमच्यातले कित्येक जण स्वतः लेथवरून उठून मालक झालेले आहेत. ज्या शहरात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलीचं दुकान काढलं, लोखंडी नांगर केला, ते हे शहर. नांगरानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात, तरी ते करत राहिले. पुढं जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले. तिथं किर्लोस्करवाडी झाली, इथं आपल्याकडं रस्त्याला नाव राहिलं. शिनोळीला, कागलला, पुण्याला, गोव्याला आज जी पोरं जातात त्यांतला एखादा कोण निघेल, मला कसं सांगता येणार?

एक छोटी गोष्ट मागतो, पैसे लागत नाहीत. वर्षातून एका रविवारी गेट उघडा आणि पोरांच्या आई-वडिलांना आत बोलवा. त्यांचा मुलगा कुठं उभा राहतो, कोणतं यंत्र चालवतो, त्यानं केलेला भाग कुठल्या गाडीत बसतो, ते दाखवा. आम्ही आयटीआयत एकदा असं केलं होतं. एक आई, बिडी वळून मुलाला शिकवलेली, निपाणीकडची. मुलानं तिच्या हातात नुकताच टर्न केलेला शाफ्ट दिला. तिनं पदरानं तो पुसला, दोन्ही हातांनी उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "हे तू केलंस?"

दहावीचे निकाल लागले की मे-जूनमध्ये गावातली मुलं अजूनही माझ्या ओसरीवर येऊन बसतात. कुठं जाऊ, कुठला ट्रेड घेऊ, विचारतात. सोबत बाप असतो, तो बोलत नाही, नुसता माझ्या तोंडाकडं बघतो. यंदाही येतील. उद्यमबागेत जा, असं मला त्यांना सांगायचं आहे. ज्या कारखान्यात पहिल्या दिवशी नेमणूकपत्र मिळतं, आठवड्यातून एक तास शिकवतात आणि मुलींसाठी कडीचा संडास आहे, अशा कारखान्यांची नावं मला कळवा. एका कागदावर लिहून मी तो कागद ओसरीवर लावतो. तूर्त त्यावर मच्छेतलं एक नाव आहे.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक
बेळगाव तालुका